पाच गुणांचं लफडं

आन्स-मापू, धक्क्यावरची खोली
शुक्रवार, फेब्रुवारीचा दुसरा

तीर्थरूप युफ्रेझिया मावशी,

तुझ्या ओनोरीनताईचा एकुलता एक मुलगा सिप्रियन याचा एका गुडघ्यावरचा नमस्कार. (दुसरा गुडघा सध्या टेकत नाही. कारण पुढे येईल.) तुझा खांदा आता कसा आहे? टोरांटोच्या थंडीत तो धरतो असं तू नाताळात लिहिलं होतंस, तेव्हा आईने लगेच जायफळाच्या तेलाची बाटली भरून ठेवली. पण ती ज्याच्या हाती पाठवायची त्या माणसाचं विमान चुकलं. तो अजून इथेच आहे आणि बाटलीही इथेच आहे. बाकी इकडे सर्व क्षेम. नीरफणसाला यंदा इतकी फळं धरली आहेत की शेजारी एकमेकांना टाळू लागले आहेत, कारण भेटलं की समोरचा हातात दोन फणस देतो. आईची तब्येत उत्तम आहे. इतकी उत्तम आहे की मला काळजी वाटू लागली आहे, पण ते ओघाने सांगीन. तुझ्याकडे काही मागायचं आहे म्हणून हे पत्र लिहितोय, असं मात्र कृपा करून समजू नकोस.

तर झालं असं. आमचा आधीचा कप्तान टायटस लग्न करून सासुरवाडीच्या बेटावर राहायला गेला आणि उरलेल्या खेळाडूंत वयाने थोरला म्हणून आपल्या बेटाच्या फुटबॉल संघाचं कप्तानपद गेल्या वर्षी माझ्या गळ्यात पडलं. (गोलकीपर मी होतोच. दिवसभर धक्क्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करायची आणि संध्याकाळी गोलात उभं राहायचं. दोन्हीकडे चूक दुसऱ्याची असते आणि शिव्या मला बसतात.) वर्षभरात आमचे सहा सामने झाले. पाच हरलो. सहाव्याच्या वेळी पावसाने मैदानच वाहून गेलं, तो आम्ही बरोबरीत धरतो. पण मावशी, दरवर्षी जगातला सर्वोत्तम फुटबॉलपटू आणि सर्वोत्तम प्रशिक्षक निवडतात ना, त्या निवडीत आमचं मत आणि पाच वेळा जग जिंकलेल्यांचं मत एकाच वजनाचं असतं. प्रत्येक देशाच्या कप्तानाला एक मत, प्रशिक्षकाला एक आणि एका वार्ताहराला एक. (आमचे वार्ताहर म्हणजे रेडिओवर रोज सकाळी मयतांची नावं वाचणारे बार्थोलोम्यू. खेळाच्या बातम्याही ते त्याच आवाजात वाचतात आणि आमच्या निकालांना तो आवाज शोभतो.) मिळालेल्या यादीतून तीन नावं निवडायची. पहिल्याला पाच गुण, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक.

इथवर सगळं सभ्य आहे. पण तो सोहळा आटोपला, बक्षिसं वाटून झाली की कोणत्या कप्तानाने कुणाला किती गुण दिले याची यादी जगजाहीर करतात. त्या लांबलचक यादीत आपल्या बेटाची एक ओळ असते. वर्षातून एकदा, जगातल्या सगळ्या देशांच्या रांगेत, आपलं नाव छापलेलं! पोस्टातल्या व्हर्लिनबाई ते पान छापून आणतात आणि हिप्पोलिटकाकांच्या दुकानात पिठाच्या पोत्यांच्या वर, भिंतीवर लावतात. ते वर्षभर तिथेच असतं. खारा मासा घ्यायला आलेला प्रत्येक माणूस ते वाचतो आणि कप्तानाची अक्कल मोजतो. टायटसने एका वर्षी पहिला नंबर भलत्यालाच दिला, तर त्याच्या मेव्हण्याने, सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याने, वर्षभर त्याचे केस कापले नाहीत. (बेटावर न्हावी एकच, तो मेव्हणाच.) बिचारा अख्खा हंगाम डोळ्यांवर केस घेऊन खेळला. आमचे त्या वर्षीचे निम्मे पराभव त्या केसांच्या खाती आहेत.

आता हिप्पोलिटकाकांकडे येतो. तू इथून गेलीस तेव्हा ते आणि आमचे बाबा जिवलग होते, हे तू पाहिलेलं आहेस. काका तरुणपणी मालाच्या जहाजावर आचारी होते, जहाज सहा तास सांतोसच्या बंदरात थांबलं होतं, त्या सहा तासांत ते जन्मभरासाठी ब्राझीलचे झाले. बाबा अर्जेंटिनाचे. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. बहुतेक हिप्पोलिटकाका ब्राझीलचे म्हणूनच. दोघं एकाच बाकावर बसून एकमेकांना शिव्या घालत सामने बघायचे. बाबा गेले आणि त्यांची अर्जेंटिना आईकडे आली. आईने तोवर फुटबॉलचा एक सामना धड पाहिला नव्हता, पण नवऱ्याची कोट-टोपी सांभाळावी तसा तिने तो संघ सांभाळला. बाबांना जाऊन वर्ष झालं नव्हतं, तेव्हा एका पेनल्टीवरून काका तिच्यासमोर जरा जास्तच मोठ्याने हसले. त्या दिवसापासून अकरा वर्षं आईने त्यांच्या दुकानाची पायरी चढली नाही. पीठ, मीठ, साबण, सगळं ती दोन मैल चढण चढून वरच्या गावातून आणते. आणि अकरा वर्षांतली शेवटची सहा वर्षं मी त्याच काकांच्या मुलीवर, झेनोबियावर, जीव जडवून बसलो आहे.

झेनोबियाला तू लहानपणी पाहिलंस. आता ती इथल्या दवाखान्यात नर्स आहे. माणूस अजून किती तग धरेल हे तिला बघताक्षणी कळतं. गेल्या सप्टेंबरात तिने मला धक्क्यावर गाठलं आणि म्हणाली, "सिप, जूनमध्ये मोठ्या बेटावरच्या दवाखान्यात जागा निघतेय. त्याआधी लग्न झालं तर मी इथे राहीन, नाही झालं तर जाईन. सहा वर्षं वाट बघितली. आता मला कंटाळा आला." ती चिडून बोलली असती तर मी घाबरलो नसतो. ती इंजिनाला लागणारा पाना माझ्या हातात देत देत, अगदी शांतपणे बोलली. मावशी, झेनोबिया गेली तर मी या धक्क्यावर काय करीन ते मला खरंच ठाऊक नाही.

मग मी हिंमत बांधून काकांकडे गेलो. ते वजनकाट्यावर मसूर घालत होते. म्हणाले, "पोरगी शहाणी आहे, तिला अडवणारा मी कोण? तू फक्त पाच गुण जुवेनाल पेशोतोला दे. मग खुशाल तारीख काढ." (जुवेनाल म्हणजे ब्राझीलचा डावखुरा.) मी हो म्हटलं. त्याच संध्याकाळी आईने कच्ची केळी आणि खारा मासा केला, माझ्या ताटात दोनदा वाढलं, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. म्हणाली, "तुझे बाबा वर गेले, पण यादी त्यांना तिथून दिसते. फाउस्तिनो बेरार्दीला पाच गुण पडले नाहीत तर मी तुझ्या लग्नाला येईन. पण काळा पोशाख घालून येईन, आणि पहिल्या बाकावर बसेन." (फाउस्तिनो अर्जेंटिनाचा.) मी तिलाही हो म्हटलं. गोलकीपरला हीच खोड असते. चेंडू कुठून येतोय ते कळायच्या आत तो दोन्ही हात वर करतो.

पाच गुण दोघांना देता येत नाहीत हे रात्रभर पडल्या पडल्या माझ्या लक्षात आलं. सकाळी ऑक्टेव्ह मास्तरांकडे गेलो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तेच आमचे प्रशिक्षक आहेत, म्हणजे त्यांनाही मत आहे. मी सुचवलं, तुम्ही एकाला द्या, मी दुसऱ्याला देतो, आणि भिंतीवर दोन्ही दिसू देत. मास्तर भडकले. "परीक्षेत शेजाऱ्याच्या पाटीत बघायचं नाही, हे तुला सातव्या वर्षी सांगितलं होतं. तू खेळताना कुणाला पाहिलंस? ज्याला पाहिलंस त्याला दे."

इथे तुला एक कबुली देतो, कुठे बोलू नकोस. मी वर्षभरात जुवेनालला पाहिलं नव्हतं आणि फाउस्तिनोलाही नाही. मी पूर्ण पाहिलेला सामना एकच. बंदरावरच्या कचेरीत सुटा भाग यायची वाट बघत बसलो होतो तेव्हा तिथल्या टीव्हीवर लागलेला. त्यात नॉर्वेचा एक गोलकीपर होता, ओद्वार स्क्येग्स्ताद. (नाव मी यादीत बघून उतरवलं, मला उच्चारता येत नाही.) त्याने चार गोल खाल्ले आणि अकरा अडवले. चौथा खाल्ल्यावर तो उठला, ज्या पोराच्या चुकीमुळे गोल झाला त्याच्या पाठीवर थाप मारली आणि जाळ्यातून चेंडू काढायला गेला. मावशी, मला भरून आलं. मी गेल्या वर्षी एकतीस गोल खाल्ले आहेत. चौथ्यानंतर उठायला किती जोर लागतो ते मला ठाऊक आहे.

मत द्यायच्या शेवटच्या दिवशी दुपारी बाराची मुदत होती आणि साडेअकरापर्यंत वीज नव्हती. संगणक पोस्टातच, आणि त्या दिवशी पेन्शनचा वार. रांग थेट आंब्याच्या झाडापर्यंत गेलेली. व्हर्लिनबाई कायद्याच्या पक्क्या. मतदान गुप्त हवं म्हणून त्यांनी आपली काळी छत्री उघडून माझ्या पाठीमागे धरली. छत्रीमागून आवाज येत होते. "पिवळ्यांना दे रे!" "निळ्या-पांढऱ्यांना! बापाची आठवण ठेव!" "कुणालाही दे पण आटप, माझे पाय दुखतात!" मी विचार केला. पाच ज्याला मिळतील तो खूश, पण तीन ज्याला मिळतील त्याचा अपमान. एक मिळाला तर त्याहून मोठा अपमान. पण दोघांनाही काहीच मिळालं नाही तर? मग मला कमी आणि त्याला जास्त, असं म्हणायला जागाच कुठे राहते? छत्रीखाली हा न्याय मला इतका पटला की माझे डोळे ओले झाले. मी पाच गुण नॉर्वेच्या गोलकीपरला दिले, तीन कोरियाच्या एकाला, एक घानाच्या एकाला, आणि बटण दाबलं.

पुढचे दोन महिने मी बोलणं जपून केलं. काका विचारायचे, दिलं ना? मी म्हणायचो, अगदी मनापासून दिलं. आई विचारायची, बाबांना बरं वाटेल ना? मी म्हणायचो, बाबांना सगळं समजतं. यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण झेनोबियाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुला ताप आहे का?"

जानेवारीत सोहळा झाला. बक्षीस जुवेनालला नाही, फाउस्तिनोलाही नाही, तिसऱ्याच कुणाला मिळालं, ते इथे कुणाच्या लक्षातही नाही. शनिवारी सकाळी व्हर्लिनबाई पान घेऊन दुकानात शिरल्या. मी दुकानाच्या मागे, रिकाम्या बाटल्यांच्या खोक्यांवर चढून खिडकीच्या फटीला कधी कान, कधी डोळा लावून उभा होतो. काकांनी चष्मा लावला. आपल्या बेटाची ओळ बोटाने शोधली. मग काका म्हणाले, "ओद्वार स्के... स्क्ये... हे काय आहे? औषध आहे का?"

आणि तेवढ्यात आई आली. रविवारची टोपी घालून, अकरा वर्षांनी पायरी चढून आली. ती काकांना जुवेनालच्या नाकावर टिच्चून फाउस्तिनोचे पाच गुण दाखवायला आली होती. तिने पान वाचलं, मग पुन्हा वरून खाली वाचलं.

"तुमच्यालाही नाही?" ती म्हणाली.

"एकही नाही. तुमच्याला?"

"एकही नाही."

"बसा, ओनोरीन. पोत्यावर नको, खुर्ची देतो."

"पोटचा पोरगा हो माझा!"

"माझा होणारा जावई."

"तो पहिल्यापासून असाच. काय खाशील विचारलं की म्हणायचा, कर काहीही. ज्याला स्वतःचं जेवण ठरवता येत नाही त्याच्या हातात जगाचं मत दिलं!"

हे ऐकायला मी आणखी पुढे वाकलो आणि खोकं मोडलं. गुडघ्याचं कारण ते. मी बाटल्यांत पडलो तेव्हा आत दोघांनी आवाज ऐकला, पण मांजर असेल म्हणून उठली नाहीत. झेनोबियाने पट्टी बांधली. मुद्दाम जरा घट्टच बांधली आहे.

मला वाटलं होतं आता दोन्ही घरं मला बंद. पण मावशी, झालं भलतंच. सोमवारी आई मीठ आणायला दुकानात गेली. मंगळवारी पुन्हा मीठ. आमच्याकडे आता दोन वर्षं पुरेल इतकं मीठ आहे आणि जेवण अळणी असतं, कारण तिचं लक्ष नसतं. दोघं बाकावर बसून आल्याचं सरबत पितात आणि मला नावं ठेवतात. पहिले आठ दिवस मीच विषय होतो. मग माझा विषय पुरेना, तेव्हा जुन्या पेनल्ट्या निघाल्या. काकांनी त्या हसण्याची माफी मागितली म्हणे. मग बाबा निघाले. परवा मी लंगडत तिथून जात होतो. काका बाबांची कसलीशी गोष्ट सांगत होते आणि आई हसत होती, तोंडावर हात न धरता हसत होती. बाबा गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. तिचं हसून होईपर्यंत मी रस्त्यापलीकडे उभा राहिलो.

तर एकूण सगळं बरं आहे. येत्या रविवारी काकांनी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं आहे, काहीतरी जाहीर करायचं आहे म्हणतात. मी शर्ट इस्त्रीला दिला आहे. टपालाची बोट उद्या सकाळी सुटते, म्हणून इथेच थांबतो. तुझ्या खांद्याला आराम पडो, तुझ्या शेजारणीला माझा नमस्कार सांग (तीच ना, जी तुझा बर्फ उपसते?), आणि आनंदाची बातमी ऐकायला तयार राहा.

तुझा, यंदा तरी नवरदेव होणारा,
सिप्रियन

ता. क. बोट सुटली नाही, समुद्र खवळला आहे. आज सोमवार, पत्र माझ्याच खिशात आहे, म्हणून रविवारचं लिहितो. सूप संपल्यावर काका पेला घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आम्ही लग्नाचा निर्णय घेतला आहे." मी चांगल्या गुडघ्यावर उठलो, झेनोबियाचा हात धरला आणि आभाराचं भाषण केलं. सहा वर्षं, दोन्ही घरं, स्वर्गातले बाबा, काकांच्या स्वर्गवासी पत्नी, सगळ्यांना त्यात जागा दिली. मला कुणी थांबवलं नाही. माझं संपल्यावर काका म्हणाले, "छान बोललास. पण तुमचं नाही रे. आमचं." आणि त्यांनी आईचा हात धरला. हसली एकटी झेनोबियाच, तेही आधी माझी नाडी बघून.

दुसरा ता. क. फादर दमासना भेटून आलो. आईने माझ्या सासऱ्याशी लग्न केलं तरी मी त्यांच्या मुलीशी लग्न करायला चर्चची काहीही हरकत नाही. अडचण आईची आहे. ती म्हणते, आमचं आधी, तुमचं पुढच्या वर्षी, कारण आजी म्हणायची की एका घरातून एका वर्षात दोन लग्नं निघाली तर दुसऱ्या जोडप्याचं छप्पर वादळात उडतं. मावशी, मी छत्तीस वर्षांचा आहे. ही म्हण मी काल सूपनंतर पहिल्यांदा ऐकली. पुढच्या वर्षापर्यंत झेनोबिया इथे नसेल. जूनचा अर्ज तिने भरून ठेवला आहे, फक्त टाकलेला नाही. आजीच्या मुलींत आता तुम्ही दोघीच उरलात, आणि एक स्वतःच नवरी आहे, तेव्हा साक्ष काढायची तर तुझीच. एवढं एकच पत्र तू आईला लिही, की आजी असलं काही कधी म्हणाली नव्हती. तिचं लग्न लांबवू नकोस, मोडू तर मुळीच नकोस. ती पुढे चालू दे, आम्ही दोघं तिच्या मागोमाग त्याच दिवशी उभे राहू.

तिसरा ता. क. आणि आजी खरंच तसं म्हणाली असेल तर? तेही विचारून ठेवलं आहे. फादरना म्हटलं, दूरदेशीच्या मावशीने भाच्यासाठी एवढंसं खोटं लिहिलं तर तिला किती पाप लागेल? झेनोबिया गेली तर दवाखान्यात दुसरी नर्स नाही, आणि फादरना रोज तिच्याकडूनच इंजेक्शन घ्यावं लागतं. त्यांनी इंजेक्शनचा दंड चोळला आणि म्हणाले, "पापाचं मी बघतो. पत्र कोणत्या बोटीने येतंय?"